दंडावरचा पट्टा

दुकानाच्या गाळ्याचा विषय वैजयंतानं काढला, की सासूबाई बीपीचं मशीन आणून तिच्या दंडाला पट्टा गुंडाळायच्या. "बघ, किती चढलंय. सगळं तुझ्या रागानं. गप्प बस." ती गप्प बसत गेली आणि तिचा शिवणकामाचा गाळा दिरानं बळकावला.

गोळ्यांनीही बीपी उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी स्कॅन केला. "किडनीच्या रक्तवाहिनीला फुगा आलाय. बीपी त्यामुळे चढतंय, रागामुळे नाही. ऑपरेशन करावं लागेल."

"करून टाका," ती म्हणाली. "मला भांडायचंय."

दोन महिन्यांनी, सगळे जेवायला बसलेले असताना, तिनं स्वतःच मशीन आणून दंडाला पट्टा गुंडाळला. "भावजी, उद्या माझा गाळा रिकामा करायचा," तिनं ठणकावलं आणि बटण दाबलं. आकडा नॉर्मल आला.

दीर लालबुंद झाला होता. तिनं पट्टा सोडून त्याच्या ताटाशेजारी ठेवला.