बिछान्यापासून खुर्चीपर्यंत

“भार हातांवर घ्यायचा नसतो, मांड्यांवर घ्यायचा,” मिस्त्रींनी लेकीला समजावले आणि ते पलंगाशी वाकले. अवजड वस्तू उचलण्याची रीत त्यांना कोणी शिकवायला नको होती. जन्मभर सुतारकाम केलेले. अखंड लाकडाची कपाटे अरुंद जिन्यांच्या वळणांवरून ओरखडाही न पडू देता उतरवलेली.

“व्याख्यान पुरे,” पलंगाच्या काठावर बसलेल्या मिस्त्रीणबाई म्हणाल्या. “उचला.”

त्यांचे पाय मज्जातंतूंच्या आजाराने केव्हाच निकामी केले होते, आणि औषधांनी अंग फुगवले होते. हिवाळ्यातल्या एका सकाळी पलंग आणि चाकाची खुर्ची यांच्यामध्ये दोघेही जमिनीवर पडलेले लेकीला सापडले. तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता, की आईला रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेत ठेवू, तिथे उचलायला माणसे असतात. मिस्त्रीणबाईंनी तिच्याकडे मुदत मागितली नाही, फर्मावली. अंगावरचा भार मी उतरवते. उन्हाळ्यात तुझ्यादेखत यांनी मला एकट्याने खुर्चीत बसवले, तर हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही.

भार कसा उतरवला ते त्यांच्या देहालाच ठाऊक. ताट निम्मे केले. साखरेशी उभा दावा मांडला. पलंगाच्या पायथ्याला बांधलेला पट्टा ओढून स्वतःला उठते करायचे, पाण्याने भरलेल्या बाटल्या डोक्यावर उचलायच्या. व्यायाम करावा तर दुसऱ्या दिवशी हातात चमचा ठरत नसे. न करावा तर स्वतःचीच लाज वाटे. आजार काही त्यासाठी रजा देत नव्हता. तरी त्या उतरल्या. अंगठी दोरा गुंडाळून घालावी लागली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तोंडभर कौतुक केले, तेव्हा ‘बरं बरं’ म्हणून त्यांनी ते झटकून टाकले, आणि त्या गेल्यावर तेच मिस्त्रींना दोनदा ऐकवले.

आज मुदत भरली होती. मिस्त्रींनी बायकोच्या कमरेला उचलण्यासाठी बांधलेल्या पट्ट्यात बोटे अडकवली. त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यांवर हात टाकले. “हं,” मिस्त्री म्हणाले, आणि बाईंनी दंडांत साठवलेला सगळा जोर लावला.

त्या वीतभर उठल्या. कान नवऱ्याच्या छातीला टेकला होता. आत जुना भाता घरघरावा तसे घरघरत होते, आणि ज्या मांड्यांवर भार घ्यायचा त्या मांड्या लटलट कापत होत्या. पट्ट्यातली बोटे निसटली. बाई गादीवर टेकल्या. दुसऱ्या खेपेला तेवढ्याही उठल्या नाहीत.

तेव्हा बाईंना उमगले. जितक्या त्या उतरल्या होत्या, तितकेच मिस्त्रीही उतरले होते. त्यांना काट्यावर कोणी चढवले नव्हते, इतकेच.

मिस्त्री आपल्या तळव्यांकडे पाहत उभे राहिले, धार गेलेल्या पटाशीकडे पाहावे तसे. लेक हलकेच म्हणाली, “बाबा, तुमच्याच्यानं आता...”

“त्यांना काय विचारतेस?” मिस्त्रीणबाईंनी तिला मध्येच तोडले. “मी चोरून खाते.”

मग बाईंनी सगळे सांगितले, साक्षीदाराने जबानी द्यावी तशा कोरड्या सुरात. व्यायामाच्या बाईंनी कौतुक केले आणि जीभ सैल सुटली. दुपारी हे घोरू लागले, की खुर्ची आपसूक स्वयंपाकघराकडे वळते. बिस्किटे, लोणी, हाताला लागेल ते. उतरले होते त्याच्या दुपटीने चढले असेल. पट्टाही कैक दिवसांत ओढलेला नाही.

लेक पुढे झाली. तिने आईच्या काखांत हात घातले, ओझ्याच्या अंदाजाने दात आवळले, आणि उचलले. न्हाऊ घातलेले मूल वर यावे तशी आई एका हिसक्यात वर आली. लेकीच्या बोटांना बरगड्या लागल्या. ती होती तिथेच थबकली आणि तिने आईच्या तोंडाकडे पाहिले.

पाहुण्यांसमोर पोरांना गप्प करायची मिस्त्रीणबाईंची एक नजर होती. ती त्यांनी आज कैक वर्षांनी वापरली. लेकीने त्यांना निमूट खुर्चीत बसवले.

“पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “संस्थेला कळव.”

मिस्त्रींची पाठ हळूहळू ताठ झाली होती. “तरी मी म्हणतोय, एवढी जड कशी लागते,” ते म्हणाले, आणि उभ्या संसारात कधी बोलले नव्हते ते सगळे बोलून घेतले. तोंडावर ताबा नाही, शिस्त नाही, दुसऱ्याच्या कमरेचा विचार नाही. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतले. बोलून दमल्यावर मिस्त्रींनी खुर्चीचा ब्रेक सोडला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

“तिथे तरी नेटाने व्यायाम कर,” ते समजुतीने म्हणाले. “हलकी झालीस, की मी स्वतः उचलून घरी आणतो.”