मुद्दाम लावलेला सूर

"माफी मागायला आलोय," दार उघडताच लांब्या म्हणाला.

"माग की. पण आधी बूट काढ. फरशी आत्ताच पुसलीय," ढापण्या म्हणाला.

चाळीस वर्षं मनात घोळवलेलं वाक्य असं उंबऱ्यावरच पडलं. लांब्या वाकून नाड्या सोडू लागला. जॅझ गिटार वाजवणारा कितीही नामांकित असो, पासष्टीनंतर नाड्या सोडताना रुबाब राहत नाही. गिटारची पेटी त्याने दाराशी टेकवली. पेटीवर त्याचं नाव होतं, रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढ्या अक्षरांत. ते वडिलांनी रंगवलेलं. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि गिटारला 'डबडं' म्हणायचे. पहिल्या ध्वनिमुद्रणाला ते आले, घरी गेले आणि एक शब्द न बोलता त्यांनी ब्रश काढला. डबड्याची गिटार एका दिवसात कशी झाली, हे लांब्याला कधीच कळलं नाही.

लाज मात्र त्याच दिवसाची होती. लांब्याने स्वतः रचलेली पहिली चाल, खोलीत माइक एकच. गिटार आणि पियानो एकत्र तीच चाल वाजवत होते. मधेच एक सूर घसरला. वाजवून संपताच लांब्याने बोट दाखवलं, "पियानो!" पियानोवर ढापण्या होता. तो गप्प राहिला. गप्प राहतो तो गुन्हेगार, हा नियम तेव्हाही होता. पुन्हा वाजवायला वेळ नव्हता, तबकडी तशीच निघाली. आठवड्याभरात ढापण्या ताफ्यातून गेला आणि शाळेत मुलांना सूर शिकवू लागला.

मग जाणकारांनी नेमका तोच सूर डोक्यावर घेतला. काय धाडस, म्हणाले. पहिल्यांदा लांब्या गप्प बसला. दुसऱ्यांदा हसला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मुद्दाम लावला." पुढे प्रत्येक रचनेत त्याने तो सूर कुठेतरी पेरला आणि त्याच्यावर दौरे, पुरस्कार, शिष्य असं सगळं पीक काढलं. आता आत्मचरित्र येत होतं. नाव, 'मुद्दाम'. प्रकाशन आज संध्याकाळी.

लोक दुसऱ्याची वस्तू चोरतात. त्याने दुसऱ्याची चूक चोरली होती, तीही मालकाला हाकलून.

"चूक होती तेव्हा तुझ्या गळ्यात मारली," तो खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला. "कौतुक झालं तेव्हा काढून घेतली. तू हो म्हण, ढापण्या. आज सगळ्यांसमोर सांगतो, तो सूर तुझा होता."

त्याचे कान तापले होते. थोडं बरंही वाटत होतं. लाजेने खाली घातलेल्या मानेनेसुद्धा माणूस आपला मोठेपणा हळूच बघून घेतो.

"नको," ढापण्या चष्मा पुसत म्हणाला. "उगाच आणखी एकदा खोटं बोलशील."

त्याने कपाटातून पिवळे पडलेले कागद काढले. त्याच चालीचे, लांब्याच्या हातचे. लिहिलेला एकेक सूर म्हणजे भोपळा. पाटीवाल्याचा मुलगा, बारीक लिहायची घरात रीतच नव्हती.

"लोकांचं एका पानात मावतं, त्याला तुला तीन पानं लागायची. बघ, पहिलं पान कुठं संपतंय."

पान त्या सुराच्या अगदी आधी संपत होतं. कोपऱ्यावर अंगठ्याचा मळका ठसा होता.

"माझा उजवा हात तेव्हा पान उलटत होता," ढापण्या म्हणाला. "तो सूर मी वाजवलाच नाही. चुकीचा नाही, बरोबरही नाही."

लांब्याने कागदाकडे पाहिलं. डावा हात आपसूक वर आला. बोटं हवेतच चाल धरू लागली, त्या जागेपाशी पोहोचली, आणि मधलं बोट एक घर पुढे जाऊन पडलं. चाळीस वर्षांपूर्वी पडलं होतं तसंच. त्याने हात मांडीखाली घातला.

"मग बोलला का नाहीस रे तेव्हा?" त्याने विचारलं.

ढापण्याने दाराशी टेकवलेल्या पेटीकडे पाहिलं.

"बोलायला तोंड उघडलं होतं की. तेवढ्यात तुझे वडील आत आले. माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाले, 'वाईट वाटून घेऊ नकोस बाळ, पण आमच्या पोराचा कान पक्का आहे.'"