कुडावरचा नंबर

कुंभिवलीच्या नाक्यावर मी करवंदं विकते. गिऱ्हाईकं गाडीत बसूनच बोलतात. “फौजदाराला अडकवलंय, दोन खून करणारा वाटतो का तो?” “बाईची भानगड असणार.” “पण ती दोघं रानात लपल्याचं त्याला कळलं कसं?” “घरातलंच कुणीतरी फुटलं असेल.” मी द्रोण भरते. मेलेली दोघं माझी लेक-जावई, हे त्यांना कुठं ठाऊक! घाबरून डोंगरात पळताना लेक म्हणाली होती, “आये, आम्ही कुठं हाय ते पोलिसाला सांगू नको.” पण फौजदार मला पोलीस वाटलाच नव्हता. वाडीत येऊन त्यानं माझ्या घराच्या कुडावर कोळशानं आपला नंबर लिहिला, म्हणाला, “ताई, भावाला कधीही फोन कर.” केला मी, दोघांचा ठावठिकाणाही सांगितला. आज त्या नंबरावर शेण सारवायला घेतलं, तर शेजारीण ओरडली, “पुसू नको गं, फौजदाराविरुद्ध पुरावा हाय त्यो.” “माझ्याविरुद्धबी,” म्हणत मी हात मागं घेतला.