क्लेमेंटीचे द्वारपाल

"तिथेच थांब! उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही!"

थर्मामीटर रोखून विश्वासराव सुनेच्या अंगावर खेकसले, तेव्हा सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या भाड्याच्या हॉलमध्ये उपासनेचं पहिलं गीत सुरू झालं होतं. रांगेतली मंडळी चटकन मागे सरकली. मीनल सार्सच्या साथीच्या वॉर्डात नर्स होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. महिनाभर ती घरी न जाता हॉस्पिटलच्या होस्टेलवर राहत होती.

तिने कान पुढे केला. ताप नव्हता. विश्वासरावांचा चक्क हिरमोड झाला. त्यांनी पुन्हा मोजला. तरी नव्हता.

विश्वासराव बँकेत अकाउंटंट, पण मिरवायचे ते द्वारपाल म्हणून. नगरच्या चर्चचं दार त्यांच्या घराण्याने तीन पिढ्या सांभाळलं होतं. यरुशलेमच्या मंदिराची दारंही अशीच बापाकडून मुलाकडे जायची, हे ते भेटेल त्याला ऐकवत. सिंगापुरात त्याचं कोणाला काय कौतुक? पण सार्स आला, दारावर माणूस हवा झाला, आणि आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. रविवारी उपासना सोडून ड्युटीला पळणारी ही सून लग्नापासून त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. आता तिला अडवायला खुद्द देवाचं नाव हाताशी आलं.

"पप्पा, माझं जरा ऐका तरी..."

"ऐकायचं काही नाही! अशुद्ध माणूस मंदिरात शिरू नये म्हणूनच देवाने मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांची घराणी दारावर बसवली. द्वारपाल नाती बघत नाही. सून असशील तुझ्या घरी!"

बोलताना त्यांचा चेहरा खुलला होता. मीनलने तो नीट पाहून घेतला.

"मीही दारावरच असते, पप्पा. वॉर्डच्या. काल एका आजींना नवऱ्याजवळ सोडलं नाही. पाया पडल्या माझ्या, तरी नाही. संध्याकाळी आजोबा गेले. मला अजून घास उतरत नाही. तुम्हाला मात्र मला अडवताना बरं वाटतंय."

विश्वासरावांचा राग दुप्पट झाला. "आत जायचं नाही म्हणजे नाही!" असं ओरडत ते दार ओढू लागले.

"मला आत यायचंच नाहीये." मीनल मागे मागे सरकत पार जिन्यापाशी जाऊन उभी राहिली. "आत माझी श्रिया आहे. मी आत येईन कशी? दार तेवढं उघडं धरा, पप्पा. इथूनच तिला बघते आणि जाते."

आत चार वर्षांची श्रिया बापाच्या खांद्याला टेकून, सगळ्यांच्या मागोमाग चुकीच्या तालावर टाळ्या वाजवत होती. विश्वासरावांनी दार उघडं धरलं, आणि स्वतः बाजूला झाले.