ज्याचं त्याचं आभाळ

पोरांना हवामानाचा नकाशा शिकवायचा आणि उत्तर मात्र कानातल्या यंत्राला विचारायचं, ही पाटणे मास्तरांची खोड धाकलूबाईला मुळीच खपत नव्हती. आज तिच्यादेखत नातीने हवेच्या दाबाच्या आकड्यांवरून फळ्यावरच्या समुद्रात दाट वर्तुळं काढून वादळ ओळखलं, तर मास्तरांनी ते पुसलं. त्यांचं यंत्र म्हणालं, "आभाळ निरभ्र." उद्या लेकीचा मांडव होता ना त्यांच्या! धाकलूबाईचे बोंबील वाळत होते, तिलाही ऊनच. छत्रीवाल्याला मात्र धो धो पाऊस. गिऱ्हाईक खूश होईल तेच बोलायला मेलं यंत्र शिकलं होतं.

तिने आपल्या कानातलं यंत्र उपटून फेकलं, वायरलेसवरून समुद्रात गेलेली लेकाची होडी माघारी बोलावली.

"मास्तर, यंत्र गोड बोलून पोट भरतं. तुम्हाला तर शिकवायचा पगार आहे! खडू द्या पोरीकडे आणि बसा बाकावर."