हिरवा झाला

जमिनीच्या वाटणीपासून भगवान आणि शेजारीच राहणारा त्याचा धाकटा भाऊ बाळू यांच्यात अबोला होता. भगवानच्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी भरली की चार्जरचा लाल दिवा हिरवा होई; पण भगवानला लहानपणापासून या दोन रंगांतला फरकच कळत नसे. तो अंगणात बॅटरी चार्जिंगला लावून बाळूच्या ओट्याकडे पाठ करून बसे. थोड्या वेळाने बाळू आपल्या कोंबड्यांना मोठ्याने सांगे, "हिरवा झाला गो!" मग भगवान उठून प्लग काढे.

परवा सून दीपिकाने पनवेलहून नवा चार्जर आणला. "बाबा, बॅटरी भरली की हा शिट्टी वाजवतो."

भगवानने खोका न उघडताच तिच्या हातात परत दिला.

"नको गो. आमचं दोघा भावांचं बोलनं बंद व्हईल."