नवा मदरबोर्ड

आमची मामी कॉम्प्युटरवर लोकांची पुस्तकं टाइप करून पोट भरते. तो बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, "मदरबोर्ड जळलाय, मामी. नवा बसवून विंडोज परत टाकतो. पण बोर्ड बदलला की मशीन स्वतःलाच ओळखत नाही, लायसन्स नवं मागतं. त्याचे पैसे वेगळे." मामीने अंगठी विकली.

दुकानात विंडोज चढली आणि मशीनने बिनतक्रार जुनंच लायसन्स धरलं.

"मग याने स्वतःला ओळखलं कसं रे? उघड झाकण!" मामी कडाडली.

आत तोच जुना बोर्ड, मूठभर धुळीसकट. टॉर्चचा झोत पडताच, शपथेवर सांगतो, उंदराएवढं झुरळ मिशा सावरत पळालं. दुरुस्तीवाला मात्र दात काढत तिथेच उभा.


"शी!" मामी म्हणाली. "उजेडाची लाज त्या झुरळाला तरी आहे."